काळ्या गाडीवरचा भंडारा

काळी गाडी घेऊ का, असं कोणी मला विचारलं की मी उलट विचारते, पुसणार कोण? लोक हसतात आणि घेतात. मग सहा महिन्यांनी शिरूरहून न्हावऱ्याला जाणाऱ्या रस्त्यावरच्या माझ्या शेडपुढं येऊन उभे राहतात. गाडी उन्हात लावतात, बॉनेटवर बोट ठेवतात आणि म्हणतात, "हे काय झालंय बघा की." जे झालेलं असतं ते त्यांनीच केलेलं असतं. पण गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी असं सांगायचं नसतं, हे मी धंद्यात पडल्यावर शिकले. कारखान्यात होते तेव्हा फटकन बोलून मोकळी व्हायची.

कारखाना म्हणजे सणसवाडीचा. माझं माहेर दौंड, सासर शिरूर, आणि आयुष्याची अठरा वर्षं गेली ती सणसवाडीच्या पेंट शॉपमध्ये. काम एकच. रंगवून आलेल्या गाडीत खोट शोधायची. दोन्ही बाजूंनी, डोक्यावर, सगळीकडे ट्यूबलाइट लावलेला एक बोगदा होता. त्यातून गाडी हळूहळू पुढं सरकायची आणि आम्ही बायका हातमोजे घालून तिच्यावरचा कण न् कण टिपायचो. पांढरी गाडी आली की सगळ्या निवांत. काळी आली की पुढून कोणीतरी ओरडायचं, "काळी आली गं!" आणि बाकीच्या पाणी प्यायला जायच्या. मी जायची नाही. मला काळीच आवडायची. पांढरी गाडी दहा दोष पोटात घालते, काळीवर एकसुद्धा खपत नाही. अशा गाडीत खोट सापडली नाही की मला उगाचच आपण तिचे पालक असल्यासारखं वाटायचं.

पुढं आमची लाइन दुसऱ्या राज्यात हलली आणि मी घरी बसले. घरी बसणं मला आठ दिवससुद्धा जमलं नाही. ही शेड भाड्यानं घेतली आणि पाटी लावली: "येथे काळ्या गाडीचे काम खात्रीने करून मिळेल." खात्रीने हा शब्द मी पेंटरकडून मोठ्या अक्षरात काढून घेतला. त्या शब्दानं पुढं माझा चांगलाच घाम काढला.

सुरुवातीला प्रत्येक गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला. "मालक कुठं हायत?"

"मीच."

"न्हाई, म्हंजी पॉलिश करणारं कोण?"

"तेपण मीच."

"बरं बरं. मग मालक कवा येतील?"

मी यावर चिडायची. नंतर चिडणं सोडलं आणि खुर्ची पुढं करून म्हणायला लागले, बसा, गाडी झाली की येतील.

आता हे काम नक्की काय असतं ते सांगते, कारण "वॅक्स मारून द्या" म्हणणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना ते माहीत नसतं. गाडीच्या काळ्या रंगाला आपला हात कधी लागतच नाही. त्याच्यावर एक पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. तुम्ही सकाळी धूळ बसलेली गाडी कोरड्या बनियननं झटकता तेव्हा ती धूळच त्या थरावर घासता. त्याचे बारीक बारीक ओरखडे पडतात आणि उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल दिसतात. काळी गाडी करडी दिसायला लागते ती त्या जाळीमुळं. ती आधी मशीननं पॉलिश करून काढावी लागते. वॅक्स म्हणजे मेण, ते सगळ्यात शेवटी. ते ओरखडे काढत नाही. जे उरलंय त्याला राखतं आणि झळाळी देतं.

एका तरुण पुढाऱ्यानं ही जाळी स्वतःच मिटवली होती. मिरवणुकीच्या आदल्या दिवशी त्यानं बुटाचं काळं पॉलिश आणून सगळ्या गाडीवर चोपडलं. गाडी दिसली झकास. मिरवणुकीत कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घातलेले सतरा कार्यकर्ते तिला टेकून उभे राहिले आणि तिथून पुढं गावभर काळ्या पाठी घेऊन हिंडले. तो माझ्याकडं आला तेव्हा गाडीपेक्षा कार्यकर्त्यांचीच धुलाई जास्त अवघड होती. मी त्याला म्हटलं, गाडीचं मी बघते, त्यांचं तुम्ही बघा.

मेणाचेही प्रकार आहेत. एक डबीतलं घट्ट मेण, ताडासारख्या एका झाडाच्या पानापासून काढलेलं. काळ्या रंगावर ते लावलं की रंगाला खोली येते, विहिरीत वाकून बघितल्यासारखं वाटतं. दुसरं बाटलीतलं पातळ, लावायला सोपं, पण तेलकट. तिसरं कारखान्यात रसायनांपासून बनवलेलं, ते टिकतं खूप, पण काळ्या गाडीवर जरा थंड, काचेसारखं दिसतं. कुठलं निवडायचं हे गाडी कुठं उभी राहते त्यावर ठरतं. बोअरच्या पाण्यानं धुणार असाल तर पांढरे डाग पडणार. उसाच्या फडाशेजारी राहत असाल तर पाचट पेटलं की काजळी उडून येणार. चिंचेखाली लावत असाल तर पाखरं आहेतच. एवढं सगळं मी विचारायची. एक गोष्ट मात्र विचारायची राहिली होती, आणि ती मला म्हाळू आबांनी शिकवली.

म्हाळू आबा कवठे येमाईचे. धनगराचं घर. वडिलांच्या हाताखाली मेंढरं राखत अर्धं आयुष्य रानोमाळ हिंडलेले, मग विहीर पाडून शेतीत स्थिरावलेले. साठीत गाडी चालवायला शिकले आणि मोठी काळी गाडी घेतली, जुनी पण दणकट. त्यांचे थोरले चुलतभाऊ, भावकीत सगळे त्यांना आप्पा म्हणतात, ते आधीपासून विरोधात. काळी गाडी घराला चांगली नव्हे, पांढरी घे, माझ्यासारखी. आबांनी ऐकलं नाही.

गाडी घेऊन ते माझ्याकडं आले तेव्हा खांद्यावर काळी घोंगडी होती. "मालक कुठं हायत?" हा प्रश्न त्यांनीही विचारला. मी खुर्ची पुढं केली. ते बसले आणि सांगायला लागले.

"पोरी, जल्मभर काळ्या मेंढरामागं चाललो. काळीच घोंगडी पांघारली. काळ्यानं आमाला जगवलं, आन् आता ह्यो आप्पा म्हनतो काळं वंगाळ. तू ही गाडी अशी कर, की त्याची बोलती बंद झाली पायजेल. तीन दिसांवर यात्रा हाय."

मला माणूस एकदम आवडला. दोन दिवस खपून मी सगळी जाळी काढली. मग डबीतलं ते खोली देणारं मेण हातानं लावलं. एक थर नाही, तीन थर, चांगले जाड. दुपारी लावलं, संध्याकाळी पुसलं, सकाळी आबांनी गाडी नेली. गाडीत तोंड बघून कुंकू लावता आलं असतं. आबांनी बॉनेटशेजारी आपली घोंगडी धरली, एकदा इकडं आणि एकदा तिकडं बघितलं, आणि नुसतं म्हणाले, "हे खरं काळं."

आठ दिवसांनी आप्पा स्वतःची पांढरी गाडी धुवायला म्हणून आले. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. त्यांच्या देखत त्यांनी विचारलं, "आमच्या म्हाळूची गाडी तुमीच केली न्हवं?"

"होय."

"मग ती पाटी उतरवा. खात्रीनं म्हनं! गाडी हिरवी-पिवळी होऊन गोठ्यामागं ताडपत्रीखाली पडलीय. काळी नडलीच शेवटी. दौंडचं गिऱ्हाईक बघितलंय म्या, इकून टाकू."

चार गिऱ्हाइकांतली दोन त्याच दिवशी "पुन्हा येतो" म्हणून गेली. मला गिऱ्हाइकांचं काही वाटलं नाही. आबांचं वाटलं. माणसानं विश्वासानं आपलं काळं माझ्या हातात दिलं होतं आणि मी भावकीत त्यांना मान खाली घालायला लावली होती. इतकं वाईट मला कारखाना सुटला तेव्हाही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कवठ्याला गेले. आबांनी ताडपत्री काढली आणि काय झालं ते सगळं माझ्या समोर उभं राहिलं. वस्तीवर खंडोबाचं देऊळ आहे. यात्रेला दरवर्षी गाडी देवापुढं उभी करतात, नारळ फोडतात आणि यळकोट यळकोट म्हणत तिच्यावर पोत्यानं भंडारा उधळतात. भंडारा म्हणजे हळद. ती माझ्या ओल्या, जाड मेणावर बसली आणि तिथंच राहिली. मग चारपाच जणांनी उत्साहानं धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतलं. हळद, मेण आणि नारळाचं पाणी यांचा लगदा झाला, तो सगळ्या गाडीवर फिरला आणि गाडीला जाळी पडली ती वेगळीच.

ही चूक आमच्याच भागात होऊ शकते आणि ती माझ्यासारखीच बाई करू शकते. आमचं घर बौद्ध. वस्तीतल्या विहारात वंदना होते, भंडारा आमच्या अंगणात कधी उधळला गेला नाही. यात्रा आहे एवढं आबांनी सांगितलं होतं. यात्रेत गाडीवर काय पडणार, हे विचारायचं मला सुचलं नाही. पाखरांचं विचारलं, उसाच्या काजळीचं विचारलं, देवाचं विचारलं नाही.

"आबा, तुम्ही मला का नाही बोलवलंत?" मी विचारलं.

"तुला कशाला वाईट वाटून द्यायचं?" आबा म्हणाले. "तू मन लावून केल्तं."

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तिथंच सांगून टाकलं, "पुढच्या यात्रेपर्यंत विकू नका. गाडी मी पुन्हा करते. परत भंडारा चिकटला तर तुम्ही गाडी विका आणि पाटी मी माझ्या हातानं उतरवते." आबांनी घोंगडीची दशी चाळवत मान डोलावली. आप्पा ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "ठरलं बरं का, आमी साक्षीदार."

यात्रेला बरेच महिने होते, पण मी लगेच कामाला लागले. दौंडच्या भंगारवाल्याकडून अपघातातल्या गाडीचं एक काळं बॉनेट आणलं. तिकडं गेले तशी माहेरी डोकावले. माझे वडील, दादा, रेल्वेत फिटर होते. आता ऐंशीला टेकलेत, ऐकायला कमी येतं. पुसायचं फडकं आधी गालाला लावून बघायचं, गालाला टोचलं तर पितळेला टोचणार, आणि फडकं एकदा जमिनीवर पडलं की त्याचा नाद सोडायचा, हे त्यांनीच मला लहानपणी शिकवलेलं. अजून मी प्रत्येक फडकं गालाला लावते, गिऱ्हाईक हसतं, हसू दे.

दादांच्या कानाशी ओरडून मी सगळी हकिकत सांगितली. कुठलं मेण निवडावं हे मला कळत नाही, असंही सांगितलं. त्यांनी मेणाबद्दल काहीच विचारलं नाही. एवढंच विचारलं, "सुकू किती दिलंस?"

"एक दुपार."

"हं," दादा म्हणाले आणि चहा प्यायला लागले.

तो हुंकार दौंड ते शिरूर माझ्या कानात होता. अठरा वर्षं जिनं घाईत सुटलेल्या गाड्या परत पाठवल्या, तिनं स्वतः तीन जाड थर एका दुपारीत उरकले होते.

बॉनेट पॉलिश करून त्यावर टेप लावून मी तीन चौकोन पाडायचं ठरवलं होतं, तीन मेणांसाठी. घरी आल्यावर चौथा पाडला. त्यात तेच जुनं डबीतलं मेण, पण एकच थर, इतका पातळ की लावल्याचं दिसू नये, आणि चार दिवस सावलीत नुसतं सोडून दिलं. पहिल्या चौकोनात तेच मेण मागच्यासारखं जाड लावलं, म्हणजे माझी चूक माझ्यासमोर राहील.

आबांना निरोप धाडला, तुमच्या यात्रेचाच भंडारा घेऊन या. ते एसटीनं आले, काखेत हळदीचं गाठोडं, खांद्यावर घोंगडी. बॉनेट बाकड्यावर ठेवून आम्ही दोघांनी त्याची यात्रा केली. आबांनी मूठ भरून उधळला, हळू आवाजात यळकोटही म्हणाले, कारण त्याशिवाय हात उठत नाही म्हणाले. शेजारच्या गॅरेजमधला मिस्त्री स्पॅनर हातात धरून बघत राहिला.

मग मी पंखा लावला. पहिल्या चौकोनातली हळद हलली नाही. बाटलीतल्या मेणावरची अर्धी गेली, अर्धी बसली. रसायनाच्या मेणावरची सगळी उडाली. चौथ्यावरचीही सगळी उडाली. मी आनंदानं ओरडणार होते, पण आबा तिसऱ्या आणि चौथ्या चौकोनाकडं आलटून पालटून बघत होते. त्यांनी घोंगडी खाली घेतली आणि शेजारी धरली. मेंढरामागं आयुष्य गेलेल्या माणसाला काळ्यातले किती काळे दिसतात हे मला तेव्हा कळलं.

"ह्ये डांबराचं काळं हाय," ते तिसऱ्याकडं बोट करून म्हणाले. मग चौथ्यावर बोट ठेवलं. "ह्ये आमचं. जावळाच्या कोकराचं."

कारखान्यात आमच्याकडं रंग मोजायचं यंत्र होतं. त्या यंत्राची मला त्या दिवशी दया आली. मेण पहिल्यांदाही बरोबरच निवडलं होतं. ते धरायला वेळ दिला नव्हता, एवढंच.

यात्रेच्या आधी आठ दिवस ताडपत्रीखालची गाडी माझ्याकडं आली. लगदा आणि जाळी काढायला तीन दिवस गेले. मग एकच पातळ थर, आणि त्यानंतर चार दिवस मी त्या गाडीला कोणाला शिवू दिलं नाही. आबा रोज फोन करायचे, "झाली का?" आणि मी म्हणायची, "झालीय, पण मिळणार नाही." पाचव्या दिवशी अंगठा फिरवून बघितला. तो कोरडा सरकला, ठसा उमटला नाही. तेव्हा किल्ली दिली. बरोबर एक अटही दिली. भंडारा पडल्यावर कोणीही फडकं लावायचं नाही, धोतर नाही, उपरणं नाही, आणि नारळ फोडायचा तो चाकापुढच्या दगडावर.

यात्रेला मी गेले. मी गाडीच्या टायरकडंच बघत राहिले. देवळापुढं गाडी उभी राहिली, ऊन पडलं आणि बघणाऱ्यांत कुजबुज झाली. नारळ फुटला. ढोल वाजले आणि यळकोटाच्या गजरात पोती रिकामी व्हायला लागली. मागच्या वर्षीपेक्षा जास्तच, कारण आप्पांनी आमची पैज वस्तीभर केली होती. दोन मिनिटांत गाडी अशी पिवळी झाली की काच कुठली आणि दार कुठलं कळेना.

आप्पा पुढं झाले. खांद्यावरचं उपरणं काढलं आणि बॉनेटवर टाकणार, तेवढ्यात आबांची काठी आडवी आली.

"आप्पा, हात लावू नगा."

"आरं मग अशीच ठिवनार व्हय? दौंडवाल्याला फोन लावू का?"

आबांनी काठी मागं टाकली. पुढच्या काचेवर तेवढी फुंकर घातली, वायपर दोनदा फिरवला, आत बसले आणि गाडी काढली. वस्तीवरून खाली उतरणारा आणि पुढं फाट्यापर्यंत सरळ जाणारा डांबरी रस्ता आहे. साठीत गाडी शिकलेला हा माणूस एरवी बैलगाडीच्या चालीनं चालवतो. त्या दिवशी त्यांनी दाबली. उतारावर गाडीमागं पिवळा धुरळा उठला, लांबच लांब पट्टा, आणि गाडी त्या धुरळ्यात दिसेनाशी झाली. ढोलवाल्यांनीसुद्धा हात थांबवले.

फाट्यावर जाऊन वळून यायला गाडीला जो वेळ लागला, तो मी कसा काढला ते मलाच माहीत. मग उतारावर काहीतरी चमकलं. गाडी चढ चढून आली, देवळापुढं थांबली, आणि ती काळी होती. नुसती काळी. नंबर प्लेटच्या कडेला आणि दारांच्या फटीत थोडी हळद होती, ती जणू कोणी मुद्दाम रेघ ओढावी तशी शोभत होती. गर्दीतून असा आवाज निघाला की मी आयुष्यात माझ्या कामासाठी तो पुन्हा ऐकेन असं वाटत नाही. ढोल पुन्हा सुरू झाले. मला रडू आलं आणि मी डोळे पुसलेसुद्धा नाहीत.

आप्पा गाडीभोवती एक फेरी मारून आले. बॉनेटवर वाकले, त्यात आपला पटका नीट केला, आणि आबांना विचारलं, "म्हाळू, ह्ये कुनी केलं रं? मालक कोन तिथला?" माणूस वर्षभर मला ओळखत होता, माझी पाटी उतरवायला निघाला होता, आणि तरी मालक कोण म्हणून विचारत होता.

आबा उत्तर द्यायच्या आधी खुशीत खांद्यावरची घोंगडी काढून बॉनेटवर पसरायला गेले. दोन्ही काळे शेजारी शेजारी सगळ्यांना दाखवायचे होते त्यांना. लोकरीतली कुसळं माझ्या डोळ्यांपुढं आली आणि मी सगळ्या यात्रेदेखत ओरडले, "आबा! घोंगडी गाडीवर नाही!"

सगळे माझ्याकडं वळले. त्या वस्तीवर आबांवर आवाज चढवलेला कोणी ऐकला नव्हता. आबांनी वरच्या वर हात थांबवला, माझ्याकडं बघितलं आणि घोंगडीची घडी घातली. चालत माझ्याजवळ आले आणि ती माझ्या खांद्यावर ठेवली. धनगरांत घोंगडी पांघरतात ती मानाच्या माणसाला, हे तोवर मला ठाऊक झालं होतं.

मग आप्पांकडं वळून ते म्हणाले, "ह्या काय, मालक." आणि मला म्हणाले, "व्हय मालक. चुकलं. पुन्यांदा न्हाई लावनार."

पाटी अजून आहे. घोंगडी तिच्याखालीच खुंटीला असते, गाड्यांपासून लांब. आणि येणाऱ्या प्रत्येकाला मी आता पहिला प्रश्न हाच विचारते, गाडीवर तुमच्याकडं काय काय उधळतात? गेल्या महिन्यात निमोण्याचे एक मामा या प्रश्नावर बुचकळ्यात पडून इकडंतिकडं बघायला लागले आणि म्हणाले, "त्ये म्या मालकालाच सांगतो." मी म्हटलं, सांगा की, मी इथंच आहे.